शमुएल या नावाचा खरा अर्थ काय, आणि मुलाला ठेवलं तर मराठीत कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की सगळीकडे 'देवाने ऐकले' असाच अर्थ सापडतो. तो चूक आहे. हिब्रूत 'ऐकणं' म्हणजे शमा, आणि त्याच्या शेवटी आयिन हे अक्षर असतं. ते इश्माएलमध्ये आहे, म्हणून 'देव ऐकतो' हा अर्थ इश्माएलचा. शमुएलमध्ये आयिन नाहीच. शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव. 'देवाचं नाव' हा अर्थ अक्षरांना धरून आहे.

बायबलमधली हन्ना मात्र तिसरंच सांगते. मूलबाळ नाही म्हणून ती शिलोच्या मंदिरात रडून मागणं मागते, मुलगा होतो, आणि म्हणते की याला मी परमेश्वराकडे मागितलं म्हणून शमुएल. मागणं म्हणजे शाअल; त्यावरून सरळ होणारं नाव शौल. पण शाअलची शिन, आलेफ, लामेद ही तिन्ही अक्षरं शमुएलमध्ये त्याच क्रमाने येतात. हन्नाच्या कानाला तेवढं पुरलं. व्याकरणात बसत नाही म्हणून आईने दिलेला अर्थ खोटा ठरत नाही, हे माझं ठाम मत.

हे मला पाठ आहे, कारण माझ्या आजोबांचं, आईच्या वडिलांचं नाव हेच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू; माझं आजोळ रेवदंड्याचं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, तोरा या धर्मग्रंथासमोर बोलावलं की ते शमुएल, कागदोपत्री सॅम्युअल, आणि गावात, बाजारात समाजी. त्यांच्या लग्नातलं पितळी पातेलं माझ्याकडे आहे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी 'समाजी' कोरलंय. घासून घासून ठिपके झिजलेत, 'जी'ची वेलांटी आता बोट फिरवल्यावरच कळते.

माझ्या मुलाच्या सुंतेला मामा इस्राएलहून, लोदहून आला होता. आठवा दिवस, नाव पुकारायची वेळ. मी म्हटलं, आजोबांचं नाव ठेवायचं: शमुएल, घरात समाजी. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "समाजी हे नावच नाही. अडाण्यांनी मोडलेलं हिब्रू आहे ते. तिकडे हसतील लोक." स्वतःच्या वडिलांच्या नावाबद्दल! मी आठ दिवसांची बाळंतीण, गप्प राहिले. पुढे त्याने आजोबांच्या कबरीवर नवा दगड बसवला. वर हिब्रूत शमुएल, खाली इंग्रजीत सॅम्युअल. समाजी गेलं. रेवदंड्यात त्यांना सॅम्युअल म्हणून हाक मारणारं कुणीच नव्हतं.

मामाला तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगते. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवीत उभं राहिलं. बांधणारे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. आपल्या लोकांत ते समाजी हसाजी दिवेकर. इझेकिएलचं हिब्रू रूप यहेज्केल, त्याचा हसाजी झाला, गावावरून दिवेकर आलं. ही माणसं अडाणी? शिवाजी, तानाजी यांच्यातला तोच हा मानाचा 'जी'. आणि सॅम्युअल तरी कुठे शुद्ध आहे? ग्रीकमध्ये 'श' नाही, म्हणून शमुएलचा 'श' तिथे 'स' झाला आणि ते रूप लॅटिनमधून इंग्रजीत आलं. ग्रीकांनी केलेला 'स' चालतो, कोकणात झालेला चालत नाही?

लिहिण्याबद्दल: मराठी बायबल 'शमुवेल' छापतं, उच्चाराला 'शमुएल' जवळचं. कुठलंही घ्या, पण जन्मदाखल्यापासून पासपोर्टपर्यंत एकच ठेवा. घरात मात्र समाजीच म्हणा. तुम्ही बेने इस्राएल नसाल तर अर्थात हा आग्रह नाही, तुमच्या घरात जे रुळलंय ते म्हणा. आणि अर्थाबद्दल एक राहिलं: मधल्या 'उ'मुळे 'देवाचं नाव' की 'त्याचं नाव देव' यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

माझा मुलगा पासपोर्टवर शमुएल आहे. त्याच्या लग्नात घेतलेल्या पातेल्यावर मी समाजी कोरून घेतलं. दगडाचं तेवढं राहिलंय. पाथरवट पुढच्या महिन्यात रेवदंड्याला यायला तयार झालाय. शेवटच्या ओळीखाली जागा आहे, तीन अक्षरं बसतात.