आमच्या पश्चात तिचे कोण?

दिव्यांग अपत्य असलेले आईवडील माझ्यापुढे बसतात, तेव्हा बोलणे कोठूनही सुरू झाले तरी अखेर याच प्रश्नापाशी येऊन थांबते. गेल्या वर्षी आलेल्या एका दांपत्याचेही तसेच झाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोघांनी सत्तरी ओलांडलेली, 34 वर्षांची मुलगी बौद्धिक दिव्यांग आणि तिच्याहून मोठा, विवाहित मुलगा. वडिलांनी मृत्युपत्राचा मसुदा स्वतःच लिहून आणला होता आणि तो होता अवघ्या एका वाक्याचा: सर्व स्थावर-जंगम मिळकत मुलास मिळावी व त्याने बहिणीचा आजन्म सांभाळ करावा.

या वाक्यामागे लेकावरचा पूर्ण विश्वास होता आणि तो अस्थानी नव्हता. तरीही मला त्यांना सांगावे लागले, की सांभाळ म्हणजे किती खर्च, तो कोणत्या उत्पन्नातून करायचा आणि तो झाला नाही तर जाब कोणी विचारायचा, यांपैकी एकाचेही उत्तर त्या वाक्यात नाही. मिळकत एकदा मुलाची झाली की त्याच्या व्यवसायाच्या कर्जापायी तिच्यावर जप्ती येऊ शकते, आणि दुर्दैवाने तो बहिणीच्या आधी गेला तर ही मिळकत त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे जाते, ज्यांच्यावर आत्याच्या सांभाळाचे स्पष्ट कायदेशीर बंधन या मसुद्याने घातलेले नव्हते. ठेवींवर मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, एवढ्यावर वडील निश्चिंत होते. परंतु नॉमिनी बँकेकडून रक्कम स्वीकारतो, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्रच केले नाही तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलीला समान हिस्सा मिळेल खरा, पण तो हिस्सा ती स्वतः सांभाळू शकणार नाही.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मग तो आईकडे वळून म्हणाला, "आई, मी तिला सांभाळणारच आहे, पण सगळे माझ्या नावावर करू नका. उद्या तिच्या पैशाला मी हात लावला असे कोणी म्हणाले, तर मला ते सोसणार नाही." वडिलांना हे लागले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला मात्र त्या दिवसातले सर्वांत जबाबदार बोलणे तेच वाटले, कारण माया आणि हिशेब एकाच माणसाच्या गळ्यात घातले की बहुधा मायेवरच संशय येतो.

त्यामुळे आम्ही दोन्ही कामे वेगळी केली. पैशासाठी 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी न्यास (ट्रस्ट) करायचे ठरले: लाभार्थी मुलगी, विश्वस्त म्हणून मुलगा व आईची धाकटी भाची, आणि त्यांच्यापैकी कोणी नसल्यास पुढे कोण, त्याचेही नाव. मृत्युपत्रातूनही न्यास स्थापता येतो, पण तो मृत्यूनंतरच अस्तित्वात येतो. आईवडील हयात असतानाच छोट्या ठेवीने न्यास सुरू करावा, म्हणजे विश्वस्तांना हिशेबाची सवय लागते, असे माझे आग्रहाचे सांगणे असते. घर दोघांच्या नावे असल्याने दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे केली आणि आपापला हिस्सा न्यासाला दिला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते लाभ मिळणाऱ्यांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी पुढचे वाद टळावेत म्हणून ती करून घेतली.

देखभालीचा प्रश्न अजून उरला होता. मुलगी 18 वर्षांची झाली तेव्हाच आपले कायदेशीर पालकत्व संपले, हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करून अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमून घेता येतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करणे पालकावर बंधनकारक असते. आईवडिलांनी पालक म्हणून मुलाचे नाव सुचवले.

शेवटच्या भेटीत आईने शंभर पानी वही आणली. मुलीच्या गोळ्यांच्या वेळा, कोणत्या आवाजाला ती घाबरते, झोपण्यापूर्वी दाराची कडी तिला तीनदा का दाखवावी लागते, असे सारे त्यांनी त्यात लिहिले होते. न्यासपत्रात हे बसत नाही. पण पैसा कशासाठी खर्चायचा, हे विश्वस्तांना त्या वहीतूनच कळणार होते, म्हणून तिची एक प्रत न्यासाच्या कागदांसोबत ठेवायला सांगितली. मूळ वही सुनेने मागून घेतली आणि कडीच्या पानाशी थांबून ती सासूबाईंना काहीतरी विचारू लागली.