जामा मशिदीतला ‘जामा’

बऱ्हाणपूर पाहून आलेल्या एका मित्राचा प्रश्न: जामा मशिदीतला ‘जामा’ म्हणजे पायजाम्यातलाच का? आणि आमची आजी ‘जुम्मा मशीद’ म्हणायची, ते चूक होतं का?

आजीचं बरोबर होतं. पायजामा मात्र विसरा. पायजाम्यातला आणि जामानिम्यातला जामा फारसी, अर्थ वस्त्र. मशिदीचा जामा अरबी, मूळ ‘जामिअ’, म्हणजे लोकांना एकत्र आणणारी. त्याच्या शेवटचं ‘ऐन’ हे अक्षर घशातून काढावं लागतं. ते आपल्याला जमत नाही, म्हणून गळालं आणि दोन्ही जामा सारखेच दिसायला लागले. (आता हे ‘जमणं’सुद्धा त्याच घरचं बरं का!) जमा, जमाव, जमात, जमाखर्च ही सगळी एकाच गोतातली. हिशेब एकत्र राखणारा मजमूदार, त्याचाच पुढे मुजुमदार झाला. जुम्मा म्हणजे शुक्रवार, जमण्याचा दिवस. शुक्रवारच्या नमाजाला गाव जिथे जमतं ती जामा मशीद. मग तिला जुम्मा मशीद म्हटलं तर बिघडलं कुठे?

मला खरी गंमत वाटते ती ‘मशीद’ या शब्दाची. मूळ मस्जिद, सजदा करायची म्हणजे नमाजात कपाळ जमिनीला टेकवायची जागा. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ती एकेकाळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. तिथली ही जामा मशीद राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकीने बांधली. दर्शनी बाजूला पंधरा कमानी, दोन टोकांना दोन उंच मिनार, आणि माथ्यावर घुमट नाही. आत अरबी लेखाच्या सोबतीला चक्क संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा, म्हणजे इ. स. १५९०च्या जानेवारीतला. सुरुवात ‘श्रीसृष्टिकर्त्रे नमः’. त्यात आदिलशाहचा ‘एदलशाह’ झालाय आणि मस्जिदची ‘मसीति’. लिहिणाऱ्याने परका शब्द जसाच्या तसा डकवला नाही, लोकांच्या तोंडातलं रूप घेऊन त्याला संस्कृत विभक्ती लावली.

शिवाय तिथे ‘मसीतिरियं’ आहे, ‘ही मशीद’. अरबीत मस्जिद पुल्लिंगी. आपण ‘ती मशीद’ म्हणतो, आणि या दगडावरही ती स्त्रीलिंगीच आहे.

जाता जाता: सामान्यरूपात शी ऱ्हस्व होतो. मशीद, पण मशिदीत. मित्राने ‘मशीदीत’ लिहिलं होतं.