चुण्या काढणे आणि निऱ्या काढणे

अरे, इंग्रजी smooth किंवा iron out मराठीत आणताना इस्त्री करणे हे क्रियापद सगळीकडे चिकटवू नकोस. त्याला गरम इस्त्री लागतेच, पलंगावरच्या चादरीवर नुसता हात फिरवून चुण्या घालवल्या तर आपण चादर सारखी केली म्हणतो, आणि साडी हाताने दाबत दाबत नीट बसवली की चापूनचोपून नेसली, किती नेमका शब्द आहे बघ! गंमत म्हणजे चुण्या काढल्या की त्या जातात पण निऱ्या काढल्या की त्या तयार होतात, क्रियापद तेच. कपड्याला चुण्या, कातडीला सुरकुत्या, कपाळाला आठ्या. घडी मोडणे म्हणजे नवा कपडा पहिल्यांदा वापरणे, इथे मराठीत नवीन असलेले लोक घडी विस्कटणे असा अर्थ घेऊन हमखास फसतात. आणि iron out वरून मतभेदांना इस्त्री नको प्लीज, ते मिटवतात.