आधी पायावर हात ठेव

प्रिय डॉक्टर,

बाँडचं पोस्टिंग ग्रामीण रुग्णालयात मिळालं, तिथे कलर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नाही, सीटी तर नाहीच, मग रक्तवाहिन्यांचे पेशंट ओळखायचे कसे, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. धमनी नेमकी कुठे आणि किती बंद आहे ते मशीन सांगतं. पण ती बंद असेल ही शंका त्याआधी कुणाला तरी यावी लागते, आणि ती पहिल्याच ओपीडीत आली तर बरं. नाहीतर तो माणूस वर्षभर कंबरेच्या गोळ्या खात फिरतो.

मी पायांपुरतंच लिहितो. हृदय आणि मेंदूच्या वाहिन्यांना वाली पुष्कळ आहेत.

तुझ्याकडे येणारा पेशंट म्हणेल, "चाललं की पोटऱ्यांत गोळे येतात," किंवा "पोटरी भरून येते." तिथेच त्याला थांबवून विचार : किती चाललं की? थांबल्यावर किती वेळात जातं? नुसतं उभं राहून जातं, की बसावं लागतं? धमनीचं दुखणं हिशेबी असतं. एसटी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत जाता येतं, तिथे थांबावंच लागतं, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की मोकळं, आणि पुढे पुन्हा जवळपास तेवढंच अंतर. मणक्यात नस दबलेल्या माणसाला उभं राहून आराम पडत नाही; तो कट्टा शोधतो, बसतो, पुढे वाकतो. सायकलचंही विचार. वाकून सायकल मारताना मणक्याच्या पेशंटला बरं वाटतं, धमनीवाल्याची पोटरी तिथेही भरून येते.

मग पाय बघ. चपला, मोजे काढायला लाव, पँट गुडघ्याच्या वर घ्यायला सांग. पँटवरून पाय तपासणारे डॉक्टर मी आयुष्यभर पाहिले आणि दर वेळी चिडलो. पेशंट आडवा हवा, तुझे हात गरम हवेत. अंगठा वर उचलायला सांगितलास की पायाच्या पाठीवर एक कंडरा ताणून उठते. तिच्या बाहेरच्या अंगाला तीन बोटं अलगद टेकव. ही डॉर्सालिस पेडिस, पायाच्या पाठीवरची धमनी. जोर दिलास तर ती दबते आणि तुला स्वतःच्याच बोटांचे ठोके लागतात. शंका आली तर दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटाची नाडी धरून दोन्ही जुळतात का बघ. ही नाडी काही जणांना जन्मतःच लागत नाही, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नकोस. आतल्या घोट्याच्या मागे, टाचेच्या जाड कंडरेच्या अलीकडे, पोस्टेरियर टिबियल लागते. तीही नसेल तर मात्र गंभीरपणे घे. मग गुडघ्यामागे, मग जांघेत. गुडघ्यामागची नाडी शोधून शोधून सापडायची. ती पहिल्याच स्पर्शाला ठसठशीत लागली तर खूश होऊ नकोस, तिथे धमनीला फुगा असू शकतो.

बीपीचं मशीन तुझ्याकडे आहेच, सोबत हातात मावणारं डॉप्लर हवं. लेबर रूममधलं गर्भाचे ठोके ऐकायचं यंत्र नीट चालत नाही; ते खोलवरचं ऐकायला बनवलेलं असतं आणि घोट्याची धमनी असते वरवर. तिला ८ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. घोट्यावरचं सिस्टोलिक (वरचं) प्रेशर भागिले दंडावरचं, दोन दंडांपैकी जास्त असेल ते. दंडावर १५०, घोट्यावर ७५, म्हणजे ०.५. ०.९ च्या खाली गेलं की धमनीचा आजार धरून चाल. १.४ च्या वर आकडा आला तर तो खोटा समज : मधुमेहात आणि किडनीच्या आजारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, बीपीच्या पट्ट्याने ती दबतच नाही. ज्यांना हा आजार सर्वांत जास्त, त्यांच्यातच ही तपासणी फसते.

मधुमेही पेशंट दुखतंय म्हणूनही येणार नाही, त्याचा पाय बधिर झालेला असतो. खिळा रुतलेला, उंदराने रात्री अंगठा कुरतडलेला, कशाचाच पत्ता नसतो. काळं पडलेलं बोट दिसलं की हात कात्रीकडे जातो. पू असेल, लाली वर चढत असेल, ताप असेल तर थांबू नकोस, पू मोकळा कर आणि पाठव. पण बोट कोरडं, सुकलेलं असेल तर आधी नाडी. रक्त पोचत नसलेल्या पायावर बोट काढलंस तर ती जखम भरणार नाही. आज बोट, पुढच्या महिन्यात चवडा, दिवाळीपर्यंत गुडघ्याखाली. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका बाईंनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला, म्हणून रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी त्यांची मांडीतली अरुंद धमनी कॅथेटर (बारीक नळी) घालून रुंद केली. पाय वाचला. अँजिओप्लास्टीची सुरुवात हृदयात नाही, तिथे झाली.

आता घाईचं प्रकरण. काल धडधाकट असलेल्या माणसाचा पाय अचानक दुखायला लागतो, पांढरा पडतो, गार पडतो, नाडी जाते, मग मुंग्या, मग बधिरपणा, शेवटी बोटं हलत नाहीत. या क्रमात तो कुठे आहे ते तुला दोन मिनिटांत ठरवायचंय. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कळतो का बघ, बधिरपणा बऱ्याचदा तिथे सुरू होतो. बोटं हलवायला लाव. पोटरी दाबून बघ. ती कडक लागली, दाबल्यावर माणूस ओरडला, तर स्नायू मरायला लागलेत. मनगटाची नाडी अनियमित आहे का बघ, छातीला स्टेथो लाव. तरुण बाई असेल तर लहानपणी सांधे सुजले होते का विचार. संधिवाताच्या तापाने आकसलेल्या हृदयाच्या झडपेमागे गुठळी होते आणि सुटून जांघेत येऊन अडकते. हातात साधारण ६ तास असतात, आणि त्यातले निम्मे घरी गेलेले असतात, कारण घरच्यांनी तेल चोळलेलं असतं, शेक दिलेला असतो. शेक ताबडतोब बंद कर. बधिर, रक्त नसलेली कातडी कोमट पिशवीनेही भाजते. रक्तस्राव वगैरे अडचण नसेल तर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ५००० युनिट शिरेतून, टाचेखाली कापूस, आणि १०८. डॉप्लरच्या रिपोर्टसाठी तालुक्याला पाठवत बसू नकोस, जिथे ऑपरेशन होतं तिथेच थेट पाठव, आणि चिठ्ठीवर दुखणं कधी सुरू झालं ती वेळ लिही. गुठळी काढायला नळीच्या टोकाला फुगणारा फोगार्टीचा बारीकसा बलून पुरतो. (थॉमस फोगार्टींनी पहिले बलून रबरी हातमोज्याचं बोट कापून कॅथेटरला गाठी मारून केले होते. मासेमारीच्या गळाला खोट्या माश्या बांधायचा छंद कामी आला.)

चाळिशीच्या आतला, बिडी ओढणारा, हातापायांची बोटं काळी पडलेली, असा पुरुष आला तर बर्गरचा आजार आठव, तंबाखूने हातापायांच्या बारीक धमन्या बंद पडतात तो. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कहून त्याचं वर्णन केलं, पण आपल्या ओपीडीत तो अजून येतो. यात बायपास क्वचितच जमतो, कारण खाली जोडायला धमनीच उरत नाही. उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. "बिडी सोडली, आता फक्त मळतो" हे उत्तर चालत नाही. बायकोला सोबत बसवून विचार, खरं काय ते कळतं. आणि बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचार. "व्यसन आहे का" म्हटलं तर त्या नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासणं असतं.

नुसत्या चालताना दुखणाऱ्या पोटरीला लगेच स्टेंट नको. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ नये म्हणून), स्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी), तंबाखू बंद, आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. घरचे "आराम कर" म्हणतात, त्यांनाही समजावून सांग. सिलोस्टाझोल (चालण्याचं अंतर वाढवणारी गोळी) देण्याआधी हार्ट फेल्युअर नाही ना, बघ.

शिरांबद्दल थोडक्यात. बाळंतिणीचा एक पाय, विशेषतः डावा, अचानक सुजला तर "अंगावर सूज आहे" म्हणून सोडून देऊ नकोस. खोल शिरेत गुठळी नाही ना, याची खात्री करून घे. आणि आतल्या घोट्यावरच्या जुनाट जखमेला, भोवतीची कातडी काळपट असेल तर, मलमांपेक्षा घट्ट पट्टी जास्त कामाची. पण पट्टीआधी नाडी. घोटा भागिले दंड हा आकडा ०.५ च्या खाली असेल तर घट्ट बांधूच नकोस, तीच पट्टी पाय घेईल.

८ मेगाहर्ट्झचं एक डॉप्लर माझ्याकडे जादा पडून आहे. गणपतीला घरी जाताना वाटेत घेऊन जा. बॅटरी बदललेली आहे, जेलची बाटली मात्र तुझी तू घे.

तुझा,
सर