'करार रीस्ट्रक्चर केला' म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (टीमची चाल चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) जिमी गॅरोपोलो याच्या 2022 च्या बातमीत 'फोर्टीनाइनर्सनी (म्हणजे त्याच्या टीमने) त्याचा करार रीस्ट्रक्चर केला' असं वाचलं, तर याला मराठीत 'कराराची पुनर्रचना' म्हणायचं का, आणि असं केलं की राखीव क्वार्टरबॅकचा ट्रेडमधला (टीम्समधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीतला) भाव वाढतो की पडतो. दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, कारण एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या) बातम्यांत हा शब्द दोन अगदी वेगळ्या व्यवहारांना सर्रास वापरतात, आणि भावाचं काय होणार ते यातला कुठला व्यवहार झालाय त्यावर ठरतं.

पहिला प्रकार म्हणजे खरा रीस्ट्रक्चर, यात खेळाडूचा एक डॉलरही कमी होत नाही. आपल्याकडे दुष्काळात पीककर्जाचं पुनर्गठन होतं ना, माफ काही होत नाही, हप्ते तेवढे पुढच्या वर्षांवर जातात, तसंच हे, फक्त इथे खेळाडूच्या हातात पैसे उलट लवकर पडतात आणि पुढे ढकलला जातो तो सॅलरी कॅपवरचा, म्हणजे टीमने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा त्या मर्यादेवरचा, हिशेब. समजा कराराची 3 वर्षं उरलीत आणि यंदाचा पगार 12 मिलियन डॉलर आहे. टीम त्यातले 9 मिलियन साइनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) म्हणून देऊन टाकते, पगार उरतो 3. बोनस कॅपवर उरलेल्या वर्षांत वाटून लावता येतो (जास्तीत जास्त 5 वर्षं), म्हणजे वर्षाला 3, त्यामुळे यंदा 12 ऐवजी 6 च दिसतात. आता हाच गडी यंदा ट्रेडमध्ये दिला तर घेणाऱ्या टीमवर यंदाचा पगार फक्त 3 मिलियन पडतो! आणि वाटून लावलेला बोनस काही त्याच्याबरोबर जात नाही, तो सगळा जुन्या टीमच्याच कॅपवर बसतो, 1 जूनच्या आधी दिला तर 9 च्या 9 यंदाच, नंतर दिला तर यंदाचे 3 आणि बाकीचे 6 पुढच्या वर्षी. याला ते डेड मनी म्हणतात, मराठीत 'बुडीत' बरोबर बसतं असं मला वाटतं, माणूस गेला आणि त्याचा आकडा खात्यात राहिला.

म्हणजे घेणाऱ्याला स्वस्त, देणाऱ्याला महाग. चौथ्या-पाचव्या फेरीचं पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायची पाळी) देऊन राखीव क्वार्टरबॅक घेणारी टीम त्याचा पगार आधी बघते, त्यामुळे कागदावर भाव वाढतो, पण विकणारा स्वतःच हात आखडतो. निक फोल्सचं बघा, तिथे रीस्ट्रक्चर नव्हता पण बोनसचा हिशेब तोच, 2019 मध्ये जॅग्वार्सनी त्याला 25 मिलियनचा साइनिंग बोनस देऊन 4 वर्षांसाठी घेतलं, पहिल्याच मॅचमध्ये गळ्याजवळचं हाड मोडलं, जागा गार्डनर मिन्शूकडे गेली, आणि 2020 मध्ये बेअर्सकडून चौथ्या फेरीचं एक पिक घेऊन त्याला देऊन टाकलं तेव्हा बोनसचे उरलेले 18.75 मिलियन जॅग्वार्सच्याच डोक्यावर राहिले. बेअर्सनी पुढे त्याचा करार नव्याने लिहिला तो वेगळाच. (याच्या उलट टोक म्हणजे 2017 चा ब्रॉक ऑस्वायलर, पगारातले 16 मिलियन गॅरंटीड (काहीही झालं तरी द्यावेच लागणारे), तो सुटावा म्हणून टेक्सन्सनी त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीचं पिक ब्राउन्सना वर दिलं. भाव चक्क उणे!)

दुसरा प्रकार म्हणजे सरळ पगारकपात, पण बातमीत कपात म्हटलं तर खेळाडूचा मान जातो आणि एजंटलाही ते नको असतं, म्हणून तिथेही रीस्ट्रक्चरच लिहितात. गॅरोपोलोचं हेच झालं होतं. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, पगार 24 मिलियनच्या आसपास, मुख्य क्वार्टरबॅकची जागा ट्रे लान्सला दिलेली, त्यामुळे उन्हाळाभर घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी ऑगस्टमध्ये 6.5 मिलियन गॅरंटीड आणि वर जितकं खेळेल तितकं, असं ठरलं. एरवी इतका स्वस्त अनुभवी क्वार्टरबॅक म्हटल्यावर भाव चढायला हवा, पण त्याने बदल्यात नो-ट्रेड क्लॉज लिहून घेतला, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय त्याला कुठे पाठवता येणार नाही. स्वस्त झाला आणि त्याच दिवशी बाजारातून उठला. दुसऱ्याच मॅचमध्ये लान्सचा घोटा मोडला, आणि टीमला तो विकायचाही राहिला नाही.

ब्राउन्सचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड याच्या बाबतीत कपात थेट ट्रेडसाठीच होती. जुलै 2022 मध्ये त्याने स्वतःचे साडेतीन मिलियन सोडले, ब्राउन्सनी त्याच्या पगारातले साडेदहा मिलियन उचलले, तेव्हा कुठे पँथर्स पाचव्या फेरीच्या पिकवर तयार झाले, आणि त्या पिकलाही अट होतीच.

तर शब्दाचं म्हणाल तर पहिल्या प्रकाराला मी 'पुनर्गठन' म्हणेन, शेतकऱ्यापासून बँकेच्या क्लार्कपर्यंत सगळ्यांना त्यात माफी नसते हे माहितीये. 'पुनर्रचना' चूक नाही पण ती ऑफिसच्या विभागांची वाटते, त्यात पैशाचं काय झालं ते कळत नाही. दुसऱ्याला बिनधास्त 'पगारकपात' लिहा, बातमीत काहीही छापलेलं असो. ओळखायचं कसं? पगाराचा बोनस केला असं दिसलं तर पुनर्गठन, आणि एकूण आकडाच खाली आला किंवा 'इतक्या मॅच खेळला तर इतके' अशा अटी आल्या तर कपात. दोन्ही एकदम झालेलं असेल तर सरळ दोन वाक्यं लिहा, एका शब्दात कोंबायला जाऊ नका.