गड्ड्याच्या पाहुण्यांसाठी खोली बांधायची का?

प्रश्न : ताई, जुळे सोलापुरात आमचा 30 बाय 50 चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. माणसं पाच : आम्ही दोघं, सासूबाई (गुडघे दुखतात), दहावीतली मुलगी आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. ठेकेदार 2000 रुपये फुटानं बांधून देतो म्हणतो. थोरले दीर म्हणतात, "घर एकदाच होतं, खाली-वर मिळून 1800 फूट बांधूनच टाका. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे आले तर कुठं झोपवणार? उद्या मुलाचं लग्न झालं की?" मला 1000 फूट पुरेसं वाटतं, पण लग्नाचं नाव निघालं की मी गप्प बसते. किती मोठं बांधावं? आणि बाल्कनी घ्यावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : गप्प बसू नका, हिशोब मांडा. 1800 आणि 1000 मधला फरक 800 फुटांचा, म्हणजे ठेकेदाराच्या दरानं 16 लाख. तेवढं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं, तर महिन्याला साधारण 14,400 रुपये हप्ता बसतो. मुलाचं शिक्षण चालू असताना हा हप्ता कोण भरणार, एवढंच दिरांना शांतपणे विचारा. शिवाय त्या खोल्यांचं झाडणं-पुसणं कुणाच्या वाट्याला येणार, तेही विचारायला हरकत नाही.

गड्ड्याचं म्हणाल तर संक्रांतीच्या सुमारास अक्षता सोहळ्यासाठी (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नासाठी) आलेला पाहुणा आपल्या घरी झोपायला येतो तो मध्यरात्री, तेही पाय दुखत. त्याला हॉलमध्ये सतरंजी आणि वर एक चादर मिळाली की झालं. त्याच्यासाठी वेगळी बेडरूम बांधली, तर वर्षभर तिथं जुन्या गाद्या आणि बंद पडलेला कूलर राहतात. हॉल मात्र लांबट घ्या, 11 बाय 17 च्या आसपास. चौकोनी हॉलमध्ये मधोमध सोफा येतो आणि अंथरायला जागा उरत नाही.

आपल्याकडे घराचं माप मी मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घेते. पारा 42-43 वर असताना ज्या खोलीत बसवत नाही, ती कागदावर 150 फुटांची असली तरी मी धरत नाही. तुमचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन थेट दर्शनी बाजूवर. तिथं झोपायची खोली काढू नका, जिना आणि बाथरूम काढा. ऊन त्या भिंती खातील. सासूबाईंची खोली मागे, पूर्वेला.

इथं दिरांच्या बाजूनंही एक गोष्ट बोलते. वर मजला असला की खालचा मजला थंड राहतो, हे खरंच आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, ते वरचं बांधकाम झेलतं. पण तेवढ्यासाठी पूर्ण मजला कशाला? वर एकच खोली आणि तिला लागून बाथरूम बांधा, तीही खालच्या बेडरूमच्या बरोबर डोक्यावर. उरलेल्या गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करा. उन्हाळ्यात निम्मं सोलापूर गच्चीवर झोपतं की हो, तुम्हीही झोपाल. ती जागा कुणी फुटांत धरत नाही, पण वापर तिचाच जास्त.

आता तुमच्या 1000 फुटांकडे. हे बांधकामाचं क्षेत्र आहे, चालायची फरशी नव्हे. बाहेरच्या 9 इंची आणि आतल्या साडेचार इंची भिंतीच त्यातले सव्वाशेच्या आसपास फूट खातात. जिना आतून घेतला तर आणखी 80-85 जातात, उरतात 790. त्यात हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि दोन बाथरूम बसतात, पण दाटीनं. म्हणून खाली 950 आणि वर 250, असं 1200 पर्यंत जा. सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या कडेनं मोकळी ठेवायची जागा, सोडून खाली प्रत्यक्षात किती बांधता येतं, ते नकाशा करणाऱ्याकडून आधी लिहून घ्या. सगळी भाषा त्या आकड्यानंतरच.

खोल्यांची मापं कागदावरून ठरवू नका. टेप घ्या आणि आत्ता राहता त्या घरातली प्रत्येक खोली मोजा. 10 फूट रुंदीच्या खोलीत 6 फुटी पलंग आणि 2 फूट खोल कपाट समोरासमोर आलं, की मधे 2 फूट उरतात. कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर बसावं लागतं. तीच खोली 11 फूट केली तर माणूस सरळ चालतो. असा एकेक फूट जिथं कामाचा आहे तिथं वाढवा. स्वयंपाकघराला लागून 4 बाय 6 ची कोठी हवीच. वर्षाची ज्वारी भरत असाल तर पोती ओट्याखाली मावत नाहीत.

एक सांगून ठेवते. प्लॉटवर फक्की (चुन्याची पूड) मारून लाइनआउट, म्हणजे भिंतींची आखणी, झालं, की घर काडेपेटीएवढं दिसतं. उघड्या आभाळाखाली प्रत्येकाला "एवढंच?" वाटतं आणि त्याच दिवशी दीर फूट-दोन फूट वाढवायला सांगतील. तेव्हा घरी मोजलेले आकडे हातात ठेवा आणि फक्की हलू देऊ नका. भिंती उभ्या राहून गिलावा झाला की खोली परत मोठी दिसते.

मुलाच्या लग्नाची सोय पैशानं करायची ती जमिनीखाली. तुमच्या भागात काळी माती लागली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया कडक मुरमापर्यंत न्यावाच लागतो. तो आणि कॉलम पूर्ण दुमजली घराच्या हिशोबानं आजच करून घ्या. नंतर पाया वाढवता येत नाही, खोल्या वाढवता येतात. गच्चीवर सोडलेल्या सळ्या मात्र उघड्या ठेवू नका, गंजतात. कमी सिमेंटच्या कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, पुढं फोडता येतं.

पाण्याचं तुम्ही लिहिलंच नाही. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर पाच जणांना 675 लागतात. नळ पाच दिवसांआड आला तर 3375 लिटर साठवण हवी. 6 बाय 6 आणि 5 फूट खोल टाकीत 5000 लिटर मावतात. गाडी लावता त्या जागेखाली ती बांधा, पायाच्या खोदकामाबरोबरच, आणि बांधताना पायापासून अंतर किती ठेवायचं ते इंजिनिअरला विचारा.

सासूबाईंच्या बाथरूमचं दार अडीच फुटी आणि बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. उंबरा नको, कमोडशेजारी भिंतीत दांडी हवी.

बाल्कनी? पश्चिमेच्या रस्त्यावर? नको. त्या पैशात दर्शनी खिडक्यांवर दीड फुटाऐवजी अडीच फुटांचे छज्जे करून घ्या.