हिशेबशास्त्र, जैवनीतिशास्त्र आणि शस्त्रनियंत्रण यांच्या अभ्यासग्रंथांची जुनी आवृत्ती चालेल का?

हिशेबशास्त्राची जुनी आवृत्ती घेऊ नका. जैवनीतिशास्त्राची बरीचशी चालते, आणि शस्त्रनियंत्रणातली काही जुनी पुस्तकं तर मुद्दाम मिळवून वाचावीत. जमा-नावेचे नियम बदलत नाहीत, पण मानकं बदलतात आणि हिशेबाच्या पुस्तकाचा मोठा भाग त्यांवरच उभा असतो. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१९ पासून लागू झालं. त्याआधी भाडेपट्ट्याने घेतलेलं विमान विमान कंपनीच्या ताळेबंदात बऱ्याचदा दिसतच नसे, फक्त भाडं खर्चात पडे. आता ते वापरायचा हक्क मालमत्तेत आणि पुढची भाडी देण्यांत दाखवावी लागतात. जुन्या पुस्तकाप्रमाणे सोडवलेलं उदाहरण इथे सरळ चुकतं. जैवनीतिशास्त्रात बीचम आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ साली मांडलेली चार तत्त्वं (स्वायत्तता, अपाय न करणं, हित साधणं, न्याय) आजही चर्चेचा पाया आहेत. शस्त्रनियंत्रणात शेलिंग आणि हॅल्परिन यांचं ‘स्ट्रॅटेजी अँड आर्म्स कंट्रोल’ हे १९६१ चं छोटं पुस्तक घ्याच. युद्धाची शक्यता कमी करणं, झालंच तर संहार कमी करणं आणि सज्जतेचा खर्च कमी करणं, ही उद्दिष्टं इतक्या स्वच्छपणे मांडलेली क्वचितच सापडतात. एक मात्र सांभाळा: सध्या काय लागू आहे, हे यांतल्या कुठल्याच जुन्या पुस्तकावरून ठरवू नका. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७ चा अमेरिका-सोव्हिएत करार २०१९ मध्ये संपुष्टात आला, आणि वैद्यकीय संशोधनाबद्दलचा हेलसिंकी जाहीरनामा २०२४ मध्ये पुन्हा सुधारला गेला.